फ्लोराइडमुक्त पाणी : प्रकल्प बांधणे सोपे, चालवणे अवघड

दवाखान्यात एक आई आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन येते. मुलगी हसताना तोंडावर हात धरते. दातांवर पिवळसर-तपकिरी आडवे पट्टे उमटलेले असतात. "डॉक्टर, दिवसातून दोनदा घासते, पेस्ट बदलली, राखुंडी लावून पाहिली, तरी डाग जात नाहीत," असे आई सांगते. सोबत आलेल्या आजोबांची तक्रार वेगळीच. कंबर धरली आहे, मान वळत नाही, खाली वाकून चप्पल उचलता येत नाही. वय झाले, आता असेच चालायचे, असे त्यांनी ठरवून टाकलेले असते. घरी प्यायला पाणी कुठले, असे विचारले की उत्तर मिळते, "बोअरचे. अगदी स्वच्छ, काचेसारखे."

चंद्रपूर जिल्ह्यात, यवतमाळच्या पांढरकवडा भागात किंवा नांदेडच्या किनवट पट्ट्यात काम केलेल्या डॉक्टरला हे दृश्य नवे नाही. नात आणि आजोबा या दोघांचे दुखणे एकच आहे. त्याचे नाव फ्लोरोसिस. पाण्यातून वर्षानुवर्षे जादा फ्लोराइड पोटात गेल्याने तो होतो. हाडांत मुरलेल्या फ्लोरोसिसवर औषध नाही. पाणी बदलणे किंवा पाण्यातला दोष काढून टाकणे, हाच त्याचा प्रतिबंध आणि हाच उपाय.

म्हणून अशा गावातून "आम्हाला शुद्धीकरण प्रकल्प द्या" अशी मागणी येते. मागणी रास्तच आहे. पण हा प्रकल्प म्हणजे काय, तो फ्लोराइड काढतो कसा आणि उद्घाटनानंतर वर्ष-दोन वर्षांत त्याच्या दाराला कुलूप का लागते, याचा विचार गावाने मागणी करतानाच केला पाहिजे.

फ्लोराइड येते कोठून?

हे कारखान्याचे विष नव्हे. बहुतेक ठिकाणी ते जमिनीतल्या खडकातूनच येते. ग्रॅनाइट आणि नाइस जातीच्या खडकांत फ्लोराइडयुक्त खनिजे असतात. पाणी या खडकांच्या भेगांत वर्षानुवर्षे मुरत राहिले की फ्लोराइड त्यात विरघळते. महाराष्ट्राचा मोठा भाग काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. पूर्वेकडच्या टोकाला मात्र हे जुने खडक वर आलेले आहेत आणि आपल्याकडचा त्रासही मुख्यतः तिकडेच आहे.

पाण्यात कॅल्शियम कमी आणि सोड्याचे क्षार जास्त असतील तर फ्लोराइड अधिक विरघळते. त्यामुळे साबणाचा भरपूर फेस देणारे आणि डाळ लवकर शिजवणारे 'हलके' पाणीच पुष्कळदा दोषी निघते. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. जिभेवर भरवसा ठेवून या पाण्याची पारख होत नाही.

१९७२ च्या दुष्काळानंतर गावोगावी विंधन विहिरी खोदल्या गेल्या. त्यांनी फार मोठे काम केले. पायऱ्यांच्या विहिरीतून होणारा नारू गेला, पटकी आणि हगवण कमी झाली. पण उथळ विहिरीपेक्षा खोल बोअरचे पाणी खडकाच्या सहवासात जास्त काळ राहते. जंतूंपासून सुटका झाली आणि काही गावांत नकळत फ्लोराइड पदरात पडले.

हा दोष शोधायलाही जगाला बराच वेळ लागला. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी १९०१ मध्ये दवाखाना थाटलेल्या डॉ. फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. त्यामागे पाण्यातले फ्लोराइड आहे, हे सिद्ध व्हायला १९३१ साल उजाडले. आपल्या देशात हाडांचा फ्लोरोसिस प्रथम नोंदला गेला तो १९३७ मध्ये, त्या वेळच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात. डॉ. शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अभ्यास केला होता.

किती म्हणजे जास्त?

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या एक लिटर पाण्यात फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरे पाणी मिळतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५ मिलिग्रॅमच आहे.

आता हिशेब करू. लिटरला ४ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेले पाणी शेतात राबणारा माणूस उन्हाळ्यात दिवसाला तीन लिटर तरी पितो. म्हणजे नुसत्या पिण्यातून १२ मिलिग्रॅम झाले. भात, वरण, चहा यांतून जाते ते वेगळे. रोजचे एकूण प्रमाण ६ मिलिग्रॅमच्या वर गेले की हाडांना धोका संभवतो आणि १४ मिलिग्रॅमला तो स्पष्ट दिसतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००२ मध्ये नमूद केले आहे. आपला कष्टकरी माणूस या रेषांच्या किती जवळ आहे, हे यावरून दिसेल.

दातांवरचे डाग लहानपणीच पडतात. कायमचे दात हिरडीच्या आत तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या वयापर्यंत, जादा फ्लोराइड पोटात गेले तर दाताचे कवच सदोष बनते. पुढे कितीही घासले तरी ते डाग जात नाहीत, कारण ते दातावर बसलेले नसून दाताच्या घडणीतच आहेत. हाडांचा त्रास मात्र सावकाश येतो. आधी सांधे दुखतात, मग पाठीचा कणा ताठरतो, मान वळेनाशी होते. आहारात कॅल्शियम कमी असलेल्या मुलांत पाय वाकडे होऊन गुडघे एकमेकांवर घासतात.

प्रकल्पाच्या आधीचा प्रश्न

पाणी दूषित निघाले की लगेच यंत्राच्या मागे धावू नये. आधी गावातले सगळे स्रोत तपासून घ्यावेत. एकाच शिवारात एका बोअरला ५ मिलिग्रॅम आणि तीन-चारशे पावलांवरच्या जुन्या विहिरीला १ मिलिग्रॅमच्या आत, असेही आढळते. तशी विहीर सापडली तर ती उपसून, कठडा बांधून, नियमित औषध टाकून फक्त पिण्यासाठी राखून ठेवणे हा सर्वांत स्वस्त प्रकल्प होय. पावसाचे पाणी छतावरून टाकीत साठवले तर त्यात खडकातले फ्लोराइड येण्याचा प्रश्नच नसतो. नदीवरची नळयोजना आवाक्यात असेल तर तिचाच आग्रह धरावा. फ्लोराइडसाठी देशभर नाव झालेल्या नलगोंडा जिल्ह्यातही खरा फरक पडला तो कृष्णा नदीचे पाणी गावोगावी पोहोचल्यावर.

यांपैकी काहीच जवळपास शक्य नसेल, तेव्हा शुद्धीकरणाकडे वळावे.

तुरटीची करामत

गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. याच तुरटीने फ्लोराइड काढण्याची पद्धत नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नीरी'ने, १९७५ च्या सुमारास विकसित केली. तिला 'नलगोंडा पद्धत' असे नाव मिळाले.

पाण्यात तुरटी पडली की तिची पाण्यातल्या अल्कतेशी क्रिया होते आणि कापसाच्या पेळूसारखे मऊ पांढरे पुंजके तयार होतात. फ्लोराइड या पुंजक्यांना चिकटते आणि त्यांच्याबरोबर तळाशी बसते. वरचे नितळ पाणी काढून घ्यायचे. तुरटीने पाणी आंबट होऊ नये आणि क्रिया नीट व्हावी म्हणून थोडा चुना घालतात. त्याचे प्रमाण तुरटीच्या सुमारे विसाव्या भागाइतके असते. जंतुनाशासाठी ब्लीचिंग पावडर, म्हणजे ग्रामपंचायतीत जिला टीसीएल म्हणतात ती, घालतात. तिन्ही वस्तू तालुक्याच्या बाजारात मिळतात.

छोट्या गावासाठीचा प्रकल्प असा असतो. उंच चौथऱ्यावर एक गोल टाकी, तिचा तळ नरसाळ्यासारखा उतरता. टाकीत हाताने किंवा मोटारीने फिरणारी ढवळणी. टाकी बोअरच्या पाण्याने भरायची. आधी चुना आणि ब्लीचिंग पावडर, मग विरघळवलेली तुरटी घालायची. प्रथम जोरात ढवळून औषध सगळीकडे पसरवायचे, मग दहा-वीस मिनिटे अगदी हळू ढवळायचे. हळू याचा अर्थ हळूच, कारण घाईने ढवळले तर पुंजके तुटतात. नंतर एक-दोन तास पाणी स्थिर ठेवायचे. वरचे पाणी वाळूच्या गाळणीतून साठवण टाकीत सोडायचे आणि तिथून तोट्यांना. तळाचा गाळ खालच्या नळाने बाहेर काढायचा. मोठ्या गावांत हीच कामे वेगवेगळ्या हौदांत अखंड चालतात.

तीस ग्रॅमसाठी पाच किलो

हजार वस्तीच्या गावाला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी दहा लिटर धरले तर रोज दहा हजार लिटर पाणी शुद्ध करावे लागेल. आंघोळ, धुणी-भांडी आणि जनावरांसाठी ते लागत नाही. पाण्यात लिटरला ४ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे आणि ते १ वर आणायचे आहे, असे समजा. म्हणजे रोज काढायचे फ्लोराइड झाले अवघे तीस ग्रॅम. जेमतेम दोन मोठे चमचे!

पण या तीस ग्रॅमसाठी तुरटी किती? पाण्याच्या अल्कतेप्रमाणे ती बदलते. लिटरला ४०० ते ५०० मिलिग्रॅम धरली तर रोज चार ते पाच किलो आणि वर्षाला दीड टनाच्या वर तुरटी लागेल. ती आणायची, कोरड्या खोलीत साठवायची, तोलून घालायची आणि तयार झालेला गाळ रोज काढायचा. टाकीचा खर्च एकदाच होतो. तुरटीचा, विजेचा आणि माणसाचा खर्च कायमचा असतो. मागणीच्या अर्जात नेमकी हीच गोष्ट लिहिलेली नसते.

मात्राही अंदाजाने चालत नाही. तुरटी कमी पडली तर फ्लोराइड राहते. जास्त झाली तर पाणी तुरट लागते आणि अॅल्युमिनियमचा अंश पाण्यात उरतो. फ्लोराइड लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर असेल किंवा पाणी मुळातच फार खारे असेल, तर ही पद्धत योग्य नाही.

दुसरे मार्ग

दुसरी पद्धत सक्रिय अॅल्युमिनाची. नळकांड्यात या पदार्थाचे पांढरे दाणे भरलेले असतात. पाणी त्यांच्यातून जाताना फ्लोराइड दाण्यांना चिकटते. रोज औषध तोलायची गरज नाही आणि हातपंपालाही हे नळकांडे जोडता येते. मात्र काही काळाने दाणे भरून जातात आणि पाणी दिसायला तसेच, पण फ्लोराइडसकट बाहेर येऊ लागते. तेव्हा कॉस्टिक सोडा आणि नंतर सौम्य आम्ल वापरून दाणे धुवावे लागतात. हे काम शिकलेल्या माणसाचे आहे आणि त्या धुवणात गोळा झालेले सगळे फ्लोराइड असते.

तिसरी पद्धत विजेची. अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांतून एकदिश विद्युतप्रवाह सोडला की तुरटीसारखेच पुंजके पाण्यात तयार होतात. 'नीरी'ने यावरही काम केले आहे. हा प्रकल्प सौरऊर्जेवर चालू शकतो. पट्ट्या झिजतात, त्या बदलाव्या लागतात.

चौथी पद्धत आता सर्वांच्या परिचयाची, आरओ. दाबाखाली पाणी सूक्ष्म पडद्यातून जाते आणि फ्लोराइडसह बहुतेक क्षार मागे राहतात. खाऱ्या पाण्यालाही ती चालते. पण पाण्याचा मोठा हिस्सा वाया जातो आणि त्यात सगळे क्षार अधिक दाट होऊन उतरतात. ते पाणी त्याच बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडले तर आपण आपल्याच विहिरीत फ्लोराइड परत ओतत असतो.

कुलूप का लागते?

एका गावात मी असा बंद प्रकल्प पाहिला आहे. टाकी भक्कम होती, रंगही टिकून होता. आत ढवळणीला गंज चढला होता आणि कोपऱ्यात ओल लागून दगड झालेली चुन्याची पोती होती. चौकशी केली तेव्हा समजले की पहिली सहा महिने सगळे ठीक चालले. मग तुरटी संपली आणि ती कोणी आणायची हे ठरेना. चालवणाऱ्या मुलाचे मानधन थकले, तो शहरात कामाला गेला. त्याच्या जागी आलेल्याने मात्रा अंदाजाने घातली. पाणी तुरट लागू लागले आणि बायका पुन्हा हातपंपावर गेल्या. गाळ नाल्यात सोडला म्हणून शेजारच्या शेतकऱ्याशी भांडण झाले ते वेगळेच.

यात यंत्राचा दोष कुठेच नव्हता. गोळ्या आणून त्या न घेणाऱ्या रोग्यासारखी गावाची स्थिती झाली होती. फरक एवढाच की त्याची किंमत शाळेतली मुले मोजत होती.

म्हणून ग्रामसभेत प्रकल्पाचा ठराव करताना पुढील गोष्टी त्याच दिवशी ठरवाव्यात.

१. प्रकल्प रोज चालवणारा माणूस कोण आणि तो आजारी पडल्यास दुसरा कोण? दोघांनाही प्रशिक्षण मिळाले पाहिजे. बचत गटातील महिलांकडेही हे काम देता येईल.

२. तुरटी, वीज, दुरुस्ती आणि मानधन यांचा वर्षाचा खर्च किती? तो पाणीपट्टीतून उभा राहील का? महिन्याला घरटी किती रुपये येतात, ते आकड्यात लिहावे.

३. शुद्ध झालेले पाणी किती दिवसांनी तपासणार? बोअरच्या नव्हे, तोटीच्या पाण्याची तपासणी करावी. गावातल्या चाचणी संचाने दर आठवड्याला आणि प्रयोगशाळेत ठरावीक मुदतीने. निकाल फळ्यावर लिहावा.

४. गाळ किंवा धुवण कुठे टाकणार? विहीर, नाला आणि गुरांचे पाणी यांपासून दूर, खालून पाणी झिरपणार नाही अशा पक्क्या हौदात ते वाळवावे.

५. शुद्ध पाण्याची तोटी आणि बोअरचा नळ वेगळे ओळखू येतील असे रंगवावेत, म्हणजे लहान मूलही चुकणार नाही.

वाचकांचे नेहमीचे प्रश्न

पाणी उकळले तर फ्लोराइड जाते का? नाही. पाण्याची वाफ होते आणि उरलेल्या पाण्यात फ्लोराइड उलट दाट होते. उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. ब्लीचिंग पावडर आणि साधा कॅन्डलचा फिल्टर यांनीही फ्लोराइड निघत नाही.

घरच्या बादलीत तुरटीची पद्धत वापरता येते का? येते. तळापासून थोडी वर तोटी असलेल्या मोठ्या बादलीत हीच क्रिया करता येते. मात्र आपल्या पाण्याची तपासणी करून मात्रा प्रयोगशाळेकडूनच लिहून घ्यावी. शेजाऱ्याची मात्रा आपल्या बोअरला चालेलच असे नाही.

तपासणी कुठे होते? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत. नमुना पाठवण्यासाठी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला भेटावे. प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून मग भरावी.

आहारात काय पथ्य? दूध, ताक, नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला यांतून कॅल्शियम आणि आवळा, लिंबू, पेरू यांतून क जीवनसत्त्व मिळते. त्याने शरीराला बळ मिळते, पण चांगल्या पाण्याला तो पर्याय नव्हे. चहाच्या पत्तीतही फ्लोराइड असते, म्हणून लहान मुलांना चहा देऊ नये. अशा गावात लहान मुलांच्या टूथपेस्टबद्दलही दंतवैद्यांचा सल्ला घ्यावा.

आता सुरुवातीच्या त्या घराकडे वळू. आजोबांच्या हाडांत साठलेले फ्लोराइड काढून घेता येणार नाही. चांगले पाणी सुरू केले तर दुखणे पुढे वाढण्याला आळा बसेल. मुलीच्या दातांवरचे डाग दंतवैद्य झाकू शकतील, पुसू शकणार नाहीत. पण आईच्या कडेवर एक दीड वर्षाचा मुलगाही असतो. त्याचे कायमचे दात आत्ता हिरडीत घडत आहेत आणि ते कसे घडणार हे पुढच्या सहा-सात वर्षांतल्या पाण्यावर ठरणार आहे. गावाने प्रकल्प मागताना मुदत मोजायची ती याच मुलाच्या वयाने. तेवढी वर्षे, एकही दिवस खाडा न करता तुरटी तोलणारा माणूस गावाला उभा करता आला, तर प्रकल्प यशस्वी झाला असे म्हणावे.